कोर्ट उठेपर्यंत

१२ जानेवारी

दादा, नमस्कार.

फोन न करता पत्र कशाला, म्हणून वैतागू नकोस. तुझ्या त्या कानाशी फोनवर बोलायचं म्हणजे अख्ख्या गल्लीला बातमी देणं, आणि ही बातमी गल्लीला द्यायची नाही. वहिनीला सांगितलंस तर चालेल. पण आधी तू पूर्ण वाच.

माझ्यावर चोरीची केस झाली आहे.

हो, माझ्यावरच. वृद्धाश्रमाच्या लाँड्रीतलं माझं काम तुला ठाऊक आहे. म्हाताऱ्यांचे कपडे धुवायचे, वाळवायचे, आणि एकाचा सदरा दुसऱ्याच्या अंगावर जाऊ नये म्हणून कॉलरमागे नावाची पट्टी शिवायची. धुण्याआधी खिसे तपासायचे. खिशात काय नसतं! कवळ्या निघतात, बिस्किटं निघतात, एकदा अर्धं उकडलेलं अंडं निघालं होतं. सापडेल ते पाकिटात घालून ऑफिसात द्यायचं, असा नियम. त्या दिवशी आमच्या राणीसरकारांच्या गाऊनमध्ये अंगठी निघाली. राणीसरकार म्हणजे इथली एक आजी, सकाळचा चहा हातमोजे घालून पिते, म्हणून मी ठेवलेलं नाव. ऑफिसला कुलूप होतं, सगळे जेवायला गेलेले. मग मी काय केलं? आई करायची तेच. आई पदराला गाठ मारायची. मला इथे पदर कुठला, म्हणून रुमालाच्या टोकात अंगठी बांधली आणि रुमाल कमरेला खोचला. म्हटलं, मशीनच्या धबडग्यात कुठे पडायला नको.

तेवढ्यात ड्रायरचा पट्टा जळाला, धूर झाला, धावपळ झाली आणि अंगठी माझ्या डोक्यातून साफ गेली. संध्याकाळी राणीसरकारांनी आश्रम डोक्यावर घेतला. दारातच सगळ्यांच्या पिशव्या तपासायला लागले, आणि मीच शहाणी कपाळावर हात मारून कमरेतून रुमाल काढला. दादा, मला वाटलं आता सगळ्या हसतील. सुपरवायझर माझ्या तोंडाकडे बघतच नव्हती, त्या गाठीकडे बघत होती. विसरलेली वस्तू खिशात राहते, गाठ मारून अंगाशी कोण ठेवतं, असं तिचं म्हणणं. पोलिसांनीही तेच लिहिलं, लपवून ठेवली म्हणून.

कोर्टाने एक वकीलबाई दिल्या आहेत, वयाने पोरसवदा. त्या म्हणतात लढू या, सुटाल. पण वर्ष जाईल, कदाचित जास्तच. तोवर मला कामावर घेणार नाहीत. आणि माझी नोकरी माझी एकटीची नाही रे. ह्यांचा इथे राहायचा परवाना माझ्या परवान्यावर आहे, माझा परवाना नोकरीवर, आणि ह्यांचं रक्त धुऊन देणारं मशीन ह्या सगळ्याच्या शेवटी आहे. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. चार-दोन चुकले की माणूस हातचा जातो, डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलंय. मे महिन्यात परवाने नवे करायचे आहेत.

तू उभा जन्म कोर्टात काढलास. सांग, काय करू?

तुझी धाकटी


२७ जानेवारी

धाकटे, आशीर्वाद. आधी घोटभर पाणी पी, मग पुढचं वाच.

तुझी वहिनी पत्र ऐकून डोळ्याला पदर लावून बसली होती. तिला म्हटलं, अगं, कोणी मेलंय का? किरकोळ चोरी, वस्तू मालकिणीला परत मिळालेली, आरोपी बाई, पहिलाच गुन्हा. असल्या केसेस मी एकेका सकाळी पोत्याने निघालेल्या पाहिल्यात. उभी हयात न्यायाधीशसाहेबांच्या पुढ्यात टेबल टाकून बसलो. वर साहेब बोलायचे, खाली मी लिहायचो. कोण सुटणार आणि कोण अडकणार, हे मला आरोपीच्या उभं राहण्यावरून कळायचं.

ऐक. जे 'मी निर्दोष आहे' म्हणून ताठ उभे राहतात, ते तारखा घेत घेत म्हातारे होतात. जे हात जोडून 'चूक झाली साहेब' म्हणतात, त्यांना साहेब कोर्ट उठेपर्यंत शिक्षा देतात. म्हणजे मागच्या बाकावर बसायचं, संध्याकाळी साहेब उठले की आपण उठायचं, दंड भरायचा आणि घरी जाऊन स्वयंपाकाला लागायचं. संपलं. तुझी वकीलबाई नवीन आहे, नव्या वकिलाला लढायची खाज असते. तिचं वर्ष शिकण्यात जाईल आणि पाहुण्यांचं वर्ष काळजीत.

कबूल करून मोकळी हो. साहेब विचारतील, समजून-उमजून कबूल करताय ना, कोणाचा दबाव नाही ना? सगळ्याला हो म्हण. मध्येच रडू नकोस, आणि ती गाठीची गोष्ट सांगत बसू नकोस, साहेबांना जेवायला जायचं असतं. न केलेलं कसं कबूल करू, असं तुझ्या मनात येईल. तू लहानपणापासून तशीच आडमुठी. पण कोर्टात खरं-खोटं नसतं, लवकर आणि उशिरा असतं. कोर्ट म्हणजे कोर्ट, इथलं काय आणि तिथलं काय.

पाहुण्यांना सांग, मेहुणा अजून जिवंत आहे, काळजी नको.

दादा


२१ फेब्रुवारी

दादा, सुटले!

अगदी तू लिहिलंस तस्संच झालं. तुझं पत्र मी इतक्यांदा वाचलं होतं की न्यायाधीशांच्या तोंडचा पुढचा प्रश्न मला आधीच माहीत होता. फरक एवढाच की इथे न्यायाधीशही बाई होत्या. त्यांनी तीनदा विचारलं, समजतंय ना, तीनदा मी हो म्हटलं. वकीलबाई मध्येच उठून म्हणाल्या, आम्हाला आठवड्याची मुदत द्या, परवान्याचं काय होतं ते कोणाला तरी विचारून घेते. न्यायाधीशबाईंनी माझ्याकडे पाहिलं, हवी का मुदत? मी म्हटलं, नको, आजच संपवा. वकीलबाईंनी फाइल अशी आपटली की पट्टेवाला दचकला. बाहेर आल्यावर माझ्याशी धड बोलल्याही नाहीत.

थोडासा दंड झाला. बाकावर बसवलंसुद्धा नाही, आणि मला उगाच चुकल्यासारखं वाटलं!

आश्रमात परत घेतलं नाही, पण एका हॉटेलच्या लाँड्रीत चादरींच्या इस्त्रीवर लागले आहे. ह्यांना डायलिसिसला नेलं तेव्हा खुर्चीवर पडल्या पडल्या म्हणाले, "चोराची बायको ऐकलं होतं, चोर बायको पहिल्यांदाच पाहतोय." नर्सला कळलं नाही आम्ही का हसतोय. कितीतरी दिवसांनी हसलो रे.

तुझे उपकार कसे फेडू?

धाकटी


९ मार्च

धाकटे,

उपकार कसले फेडतेस, वेडे. पण तुझं पत्र मी वहिनीला दोनदा वाचून दाखवलं, आणि मग राहवलं नाही, समोरच्या निवृत्त हेडमास्तरांनाही सांगितलं. तुझी केस म्हणून नाही हं, माझ्या ओळखीच्या एकांची म्हणून सांगितलं. हेडमास्तर म्हणाले, तुम्ही वकीलच व्हायला हवं होतं. वहिनी आतून म्हणाली, म्हणजे घरातही फी घेतली असती.

काल एक जण मुलाच्या मारामारीच्या भानगडीचा सल्ला विचारायला आला. म्हटलं, बसा, सांगतो. समुद्रापलीकडची केस एका पत्रात मिटवली, गल्लीतली काय घेऊन बसलात!

पाहुण्यांना पाणी मोजून दे.

दादा


६ मे

दादा, नमस्कार.

बरेच दिवस लिहायला झालं नाही. कामाची वेळ विचित्र आहे. आम्ही ठीक.

सहज विचारते. आपल्या गावाहून डायलिसिसची सोय असलेलं सरकारी इस्पितळ किती लांब आहे? मशीन किती आहेत, नंबर लगेच लागतो का? तुझी मागची खोली, जिथे वहिनी पापड वाळवायची, तिला ओल येते का अजून? ह्यांना दमट हवा चालत नाही.

परवान्याचं काम चालू आहे. वेळ लागतोय एवढंच.

धाकटी


२२ मे

धाकटे,

येणार म्हणजे! सरळ लिहायचं ना, 'दादा, आम्ही सुट्टीवर येतोय' म्हणून. इस्पितळ काय विचारतेस, ओल काय विचारतेस! तुझी वहिनी म्हणाली, बायका अशाच विचारतात, आधी ओल मग गाडीची वेळ.

मागच्या खोलीला आजच चुना द्यायला माणूस लावला. ओल होती, भिंत खरवडून घेतली. खाट खिडकीशी सरकवली. इस्पितळ तालुक्याला आहे, बसने दीड-दोन तास. तिथल्या कारकुनाला मी ओळखतो, समन्स निघालं की आमच्या कोर्टात इस्पितळाचे कागद घेऊन यायचा. त्याला निरोप पाठवला, तो म्हणाला मशीन दोन आहेत. महिनाभराच्या सुट्टीत काय अडतंय, जागा काढतील आपल्यासाठी.

कधी येता ते कळव. किती दिवस राहणार तेही कळव, कमी दिवस सांगितलेस तर ऐकून घेणार नाही.

दादा


११ जून

दादा,

तुझं पत्र वाचून मी मोरीत जाऊन तोंडात टॉवेल कोंबला. चुना लावलास म्हणे खोलीला.

सुट्टी नाही रे. आम्हाला काढून टाकतायत.

मी मे महिन्यातच सांगायला हवं होतं. हात धजावला नाही. तू एवढा खुश होतास. परवाना कचेरीचं पत्र एप्रिलमध्येच आलं होतं. इथला कायदा असा आहे की परक्या माणसावर चोरीचा गुन्हा शाबीत झाला की परवाना पुन्हा देत नाहीत. शिक्षा किती झाली ते बघतच नाहीत. दंड झाला काय, दहा वर्षं झाली काय, 'शाबीत' एवढा एकच शब्द बघतात. आणि आपण कबूल केलं की ते शाबीतच. साक्षीपुराव्याची गरजच उरत नाही. मी लढत राहिले असते तर निकाल लागेपर्यंत कोणी आम्हाला हात लावू शकलं नसतं. वकीलबाई तेच शोधायला आठवडा मागत होत्या. मी म्हटलं, नको, आजच संपवा.

मी त्यांच्या पायाशी जाऊन बसले. खरंच बसले, त्या घाबरून उठल्या. त्यांनी पुन्हा अर्ज केला, की बाईला कळलं नव्हतं, कबुली मागे घेऊ द्या. त्याच न्यायाधीशबाई होत्या. कागद चाळून म्हणाल्या, मी तीनदा विचारलं होतं. आवाजात राग नव्हता, उलट वाईट वाटत होतं त्यांना. अर्ज फेटाळला. त्याच्या वरच्या कोर्टातही परवा फेटाळला.

काल राणीसरकारांकडे गेले होते, म्हटलं ह्यांनी तरी लिहून द्यावं. त्यांनी मला ओळखलंच नाही. अंगठी बोटात होती. म्हणाल्या, छान आहे ना, कधी हरवली नाही.

ऑक्टोबर संपायच्या आत निघायचं आहे. दोघांनी. दादा, ह्यांचं काय होणार? तालुक्याला बसने दीड-दोन तास, आठवड्यातून तीनदा, आणि मशीन दोन. डायलिसिसवरून उठल्यावर ह्यांना जिना चढवत नाही.

तू चुकलास दादा. मी कोणाला सांगणार नाही, पण तुला सांगते. तू चुकलास.

धाकटी


२८ जून

धाकटे,

पत्र मिळालं. तुझा काहीतरी समजुतीचा घोटाळा होतोय. कोर्टाने दंड घेऊन सोडल्यावर दुसऱ्या कचेरीने त्याच गोष्टीसाठी माणसाला देशाबाहेर काढायचं, हे कुठल्याच कायद्यात बसत नाही. एका गुन्ह्याला दोन शिक्षा होत नाहीत. कोणी कारकून तुला घाबरवत असेल. वरच्या साहेबाला भेट, मुद्देसूद बोल, रडू नकोस.

आणि एक सांगतो. वकीलबाई परवान्याचं बोलली तेव्हा तू मला विचारायला हवं होतंस. मी कबूल कर म्हटलं, मुदत घेऊ नकोस असं कुठे म्हटलं? फोन केला असतास, लगेच उत्तर दिलं असतं. तू घाई केलीस. तुझा स्वभावच घायकुता.

खोली तयार ठेवली आहे. ती वेळ येणार नाही.

दादा


२९ जून

धाकटे,

कालचं पत्र आधी आलं असेल तर फाडून टाक, वाचू नकोस. आज सकाळी पोस्टात गेलो होतो, म्हटलं पेटी उघडून माझं पत्र मला परत द्या. पोस्टमास्तर म्हणाला, एकदा पेटीत पडलं की ते तुमचं राहत नाही. मी भांडलो. मग तिथेच बाकावर बसलो. त्यानेच पाणी दिलं.

मी रात्रभर हिशेब मांडत होतो की माझं चुकलं कुठे. ज्यांना मी बाकावर बसलेले बघायचो ते सगळे आपल्याच गावचे होते ग. संध्याकाळी उठून आपल्याच घरी जायचे. त्यांना घर सोडून दुसरीकडे घालवायची सोयच नव्हती. तुझं घर एका कागदावर उभं आहे, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. तू पहिल्याच पत्रात लिहिलं होतंस, परवाना, नोकरी, मशीन. मी वाचलं आणि पुढे गेलो.

तू घाई केली नाहीस. मी केली. मी तुझं घर मोडलं.

वहिनी जेव म्हणून मागे लागली आहे. ताट तसंच झाकून ठेवलंय. काय करू ते सांग. मला तिथे येऊन त्या न्यायाधीशबाईंना सांगता येईल का, की चूक माझी आहे?

दादा


२० जुलै

दादा,

दोन्ही पत्रं एकाच दिवशी आली. आधी दुसरं उघडलं गेलं, ते बरं झालं.

येऊ नकोस. तुझं इथे कोणी ऐकणार नाही. आणि जेव. तू आजारी पडावंस, तेवढं एकच व्हायचं राहिलंय.

ह्यांच्या शेजारच्या खुर्चीवर एक बेकरीवाला डायलिसिस घेतो. त्याने एक वाट सांगितली. इथे ज्याचा जीव उपचारावर आहे त्याला स्वतःच्या नावाने, दया म्हणून, राहायचा परवाना मागता येतो. बहुतेकांना मिळतो. मी उड्या मारल्या. वकीलबाईंकडे धावले. त्यांनी आधी दार लावून घेतलं. मग म्हणाल्या, ज्याची बायको देशाबाहेर काढली जातेय, त्याचा असा अर्ज घेत नाहीत. कुटुंब म्हणजे एक गठ्ठा, आलात एकत्र तर जायचंही एकत्र. "कुटुंब असेल तर," असं म्हणाल्या, आणि खिडकीबाहेर बघायला लागल्या. मग म्हणाल्या, हे मी तुम्हाला सांगितलेलं नाही.

म्हणजे घटस्फोट.

मी ह्यांना सांगणारच नव्हते. पण बेकरीवाल्याने सांगून टाकलं. घरी आल्यावर हे म्हणाले, "घेऊन टाक की. बिनमिठाचं जेवण आणि मोजून पाणी, असला संसार कोणाला हवाय? मला सोडायला तुला इतकी वर्षं लागली, धीराची आहेस." मी हातातलं भांडं आदळलं. मी म्हटलं, मरू तर एकत्र मरू, गावाकडे जाऊ. मग हे हसायचे थांबले. म्हणाले, "तू मरणार नाहीस. मी एकटाच मरेन, आणि ते तुला समोर बसून बघावं लागेल. ते मला नकोय."

नंतर तोंड फिरवून झोपले. मला माहीत आहे जागे होते.

ह्यांचा हात कोण धरणार रे? ज्या हातात डायलिसिसची सुई घालतात त्या फिस्टुलाच्या हातावर वजन घ्यायचं नाही, हे ह्यांच्या लक्षात राहत नाही. तहान लागली की चोरून पाणी पितात, मी बर्फाचा खडा देऊन गप्प करते. हे सगळं कोण करणार? आणि मला परत येता येणार नाही. गुन्हेगाराला पुन्हा येऊ देत नाहीत. म्हणजे सही केली की ह्यांना मी परत बघणार नाही.

कोर्टात उभं राहून म्हणावं लागेल की आमचं पटत नाही, आम्ही वेगळे राहतो, पुन्हा एकत्र यायची आशा नाही. एकदा न केलेली चोरी कबूल केली. आता न मोडलेला संसार मोडला म्हणून कबूल करायचं.

मला काही सुचत नाही. तूच सांग. आधी काय झालं ते सोड. मला अजूनही तुलाच विचारावंसं वाटतं, त्याला मी काय करू?

धाकटी


८ ऑगस्ट

धाकटे,

मला विचारू नकोस.

चार वेळा कागद घेतला. एकदा लिहिलं, सही कर. एकदा लिहिलं, करू नकोस, दोघं या, मी आहे. चारही चुलीत घातले. माझ्या तोंडून सल्ला निघतो आणि मला माझ्या आवाजाचीच भीती वाटते. गल्लीत कोणी काही विचारायला आलं की वहिनी दारातूनच सांगते, घरी नाहीत.

पण मी तालुक्याच्या इस्पितळात गेलो होतो. जे पाहिलं तेवढंच लिहितो. आधी नुसता निरोप पाठवून दोन मशीन म्हणून कळवलं होतं, ते डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं.

एका मशीनवर चादर टाकलेली आहे. ते बिघडून खूप दिवस झाले, माणूस येतो म्हणतात, येत नाही. दुसरं चालू आहे. बाहेर व्हरांड्यात लोक चटया टाकून बसलेले. सकाळपासून एक नवरा-बायको माझ्या शेजारी होते. तो गवंडी. पाय सुजलेले, तोंड सुजलेलं, चपलेत पाय मावत नव्हता. बायकोने बरोबर उशी आणली होती. दुपारी आतून निरोप आला, आज होणार नाही, सोमवारी या. बाई म्हणाली, "सोमवारपर्यंत काय करू?" आतला म्हणाला, "पाणी देऊ नका."

सोमवारी मी पुन्हा गेलो. का गेलो, मला माहीत नाही. संध्याकाळपर्यंत बसलो. ते आले नाहीत. मी कोणाला विचारलं नाही.

यात माझा सल्ला काही नाही. खोली तुझी आहे. एकटी आलीस तरी, दोघं आलात तरी. मी पाहिलं ते तुला माहीत असावं, म्हणून लिहिलं.

दादा


३ ऑक्टोबर

दादा, नमस्कार.

तुझं पत्र मी ह्यांना दाखवणार नव्हते. ह्यांनीच उशीखालून काढून वाचलं. म्हणाले, "तुझा दादा पहिल्यांदाच कामाचं बोलला." आणि दुसऱ्या दिवशी बेकरीवाल्याकडे राहायला गेले. वेगळं राहतो हे दिसायला हवं ना. एक पिशवी नेली. बेकरीवाला बरा माणूस आहे, एकटा आहे. त्याला मी सगळं समजावलं. बर्फाचे खडे, कुठल्या हातावर निजायचं नाही, वजन कधी करायचं. तो पीठ भरल्या हातांनीच मान डोलवत होता. ह्यांच्या सदऱ्यांच्या कॉलरमागे मी नावाच्या पट्ट्या शिवून दिल्या, दोघांचे कपडे एकत्र धुतले जाणार म्हणून.

परवा कोर्ट झालं. न्यायाधीश वेगळे होते. विचारलं, पुन्हा एकत्र यायची काही आशा? ह्यांनी आधी म्हटलं, नाही. ठणठणीत म्हटलं. मग मला विचारलं. दादा, मी ह्यांच्या सदऱ्याच्या कॉलरकडे बघत राहिले. न्यायाधीश म्हणाले, वेळ हवा आहे का बाई तुम्हाला? मला वाटलं म्हणावं, हो, वेळ हवाय, खूप वेळ हवाय. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, नाही, आशा नाही.

ह्यांचा अर्ज दाखल झाला. वकीलबाई म्हणतात, होईल. त्या रडल्या, मी नाही रडले.

माझं विमान पुढच्या शुक्रवारी आहे. विमानतळावर वहिनीला घेऊन ये, एकटा येऊ नकोस. एकट्या तुझ्याशी काय बोलायचं ते मला सुचणार नाही. दादा, मला तुझा राग आहे. तो जाईल असं आत्ता तरी वाटत नाही. पण मला उतरून जायला तुझंच घर आहे, आणि तू तिथल्या दारात दिसला नाहीस तर पुढे कुठे जायचं ते मला कळणार नाही. हे दोन्ही खरं आहे, तू त्यातलं एकच धरून बसू नकोस.

कोर्ट सुटल्यावर ह्यांची डायलिसिसची वेळ होती. आम्ही वेगवेगळ्या बसने गेलो. मला आत जायला मिळणार नव्हतं, तिथे फक्त घरच्यांना सोडतात. मी रस्त्याच्या पलीकडे उभी राहिले. मी ह्यांना बजावून ठेवलं होतं की कोणी बघत असेल, मागे वळून बघायचं नाही. हे फाटकाशी थांबले. मला वाटलं आता वळणार. पाणी पिऊ नका म्हटलं की पिणारा माणूस, जिन्याने जाऊ नका म्हटलं की जिन्यानेच जाणारा. उभ्या संसारात माझं एक अक्षर ऐकलं नाही ह्यांनी. तेवढं ऐकलं. सरळ आत गेले.

धाकटी